पाण्यातलं घड्याळ

कोळेकर सरांना पाण्याची भीती वाटायची. हे आधी सांगून टाकतो, कारण ते कळल्याशिवाय सर कळणार नाहीत. माणदेशातला माणूस. आजोबा मेंढरं घेऊन पाण्याच्या मागं रानोमाळ हिंडलेले, वडील टँकरच्या रांगेत म्हातारे झालेले. सरांच्या गावातली विहीर म्हणजे उन्हाळ्यात तळाशी उतरून वाटीनं घागर भरायची जागा, तिथं पोहायला कोण शिकणार? पुढं भूगोलाचे शिक्षक होऊन ते सांगलीत आले, विश्रामबागेत घर केलं, सगळी नोकरी इथंच काढली. पण कृष्णेच्या घाटावर गेले तर वरच्या पायरीवर चपला घालूनच उभे राहत. आणि ह्या माणसाला वेड कसलं, तर समुद्रात बुडी मारणारे पाणबुडे घालतात तसल्या घड्याळांचं.

ही घड्याळं मी पहिल्यांदा त्यांच्याच हातावर पाहिली. जाडजूड, वजनदार, अंधारात काटे हिरवे चमकणारी. तबकडीवर बारीक अक्षरात दोनशे मीटर असं लिहिलेलं. त्यांना ना सेल लागतो, ना रोज चावी द्यावी लागते. हात हलला की आतला एक अर्धगोल हलतो आणि स्प्रिंग आपोआप पिळली जाते. घालणारा स्वस्थ बसला किंवा घड्याळ काढून ठेवलं, की दीड-दोन दिवसांत ते बंद. पुण्यामुंबईच्या काचेच्या दुकानांत ह्या जातीची घड्याळं मोटारीच्या किमतीला मिळतात म्हणे. सरांची तसली नव्हती. शिक्षकाच्या पगारात बसणारं साधं जपानी घड्याळ घ्यायचं, ते उघडायचं आणि त्याची तबकडी, काटे, काच, कडं, सगळं मनासारखं बदलायचं. कुठून कुठून पार्सलं यायची. पोस्टमनला वाटायचं सर औषधं मागवतात.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. मला घड्याळातलं वेळेपलीकडं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. पण स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आली आणि सुटका उरली नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं मनगट धरून माझ्या घड्याळाकडं असं पाहिलं, जसा डॉक्टर पोरक्या रोग्याकडं पाहतो. मग म्हणाले, सर, हे घड्याळ तुम्हाला कुणी आहेरात दिलंय. खरंच होतं ते. सासऱ्यांनी दिलेलं. मी विचारलं, कसं ओळखलंत? तर म्हणाले, स्वतःच्या पैशानं कुणी असलं घेत न्हाई.

त्यांच्या घरी पाच-सहा घड्याळं होती आणि ती सगळी एका वेळी चालू ठेवणं हा मोठा प्रश्न होता, कारण हात दोनच. मेंढपाळाचा नातू तो, त्यानं मेंढपाळाचाच मार्ग काढला. रोज एकाची पाळी लावली आणि त्याला नाव दिलं ‘चरायला नेणं’. सकाळी फिरायला निघाले की शालनवहिनी दारातून विचारायच्या, आज कुणाला नेताय? तर हे मनगट वर करून दाखवायचे, आज काळं. रविवारी तर दोन्ही हातांत एकेक घड्याळ घालून फिरायचे. विश्रामबागेतली पोरं हसायची. वहिनी म्हणायच्या, घरात एवढी घड्याळं, पण जेवायची वेळ एकालाबी कळत न्हाई.

त्या घड्याळांना वर एक फिरतं कडं असतं. पाणबुड्यानं बुडी मारताना त्यावरची खूण मिनिटकाट्याशी जुळवायची, मग किती मिनिटं झाली ते नुसतं बघून कळतं. सर ते कडं वहिनींच्या कुकरला लावायचे, पोरांच्या चाचणीला लावायचे, आणि मुख्याध्यापक बैठकीत बोलायला उभे राहिले की त्यांनाही लावायचे. कडं फिरताना कटकट असा आवाज यायचा आणि तो सगळ्या स्टाफरूममध्ये ऐकू जायचा. मुख्याध्यापकांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, कोळेकर, हे काय चाललंय? सर म्हणाले, काही न्हाई साहेब, तुम्ही बुडी मारली ती वेळ नोंदवली. त्या दिवशी बैठक लवकर संपली.

हे कडं एकाच दिशेला फिरतं, ही गोष्ट सरांना फार आवडायची. मला त्यांनी ती निदान दहा वेळा समजावली असेल. पाण्यात धक्का लागून कडं सरकलंच, तर ते खरी झाली त्यापेक्षा जास्त मिनिटं झाल्याचं दाखवतं, त्यामुळं पाणबुड्या हवा संपायच्या आत वर येतो. “माणूस चुकणारच सर,” ते म्हणायचे. “पण चुकायचं तर जीव वाचवायच्या बाजूनं चुकावं.”

एकदा शाळेची सहल कोकणात गेली. पोरं समुद्रात, आम्ही शिक्षक गुडघाभर पाण्यात, आणि कोळेकर सर पार वर, वाळूत, बूट घालून. वर्गात नकाशे काढून महासागरांच्या तळाची वर्णनं करणारा माणूस लाटेपासून पन्नास हात लांब उभा. पोरांनी हाका मारून पाहिल्या, ओढून पाहिलं, उपयोग शून्य. शेवटी त्यांनी मला बोलावलं, हातातलं घड्याळ काढून माझ्या मनगटावर चढवलं आणि म्हणाले, मला ऱ्हाऊ द्या, तेवढं ह्याला बुडवून आणा. मी शर्ट काढून छातीभर पाण्यात गेलो आणि हात पाण्याखाली धरून उभा राहिलो. काठावरून ते आणखी खाली, आणखी खाली अशा खुणा करत होते. परत आल्यावर त्यांनी घड्याळ धोतराच्या सोग्यानं पुसावं तसं रुमालानं पुसलं, उन्हात धरून काचेच्या आत पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी माणसाच्या तोंडावर पोराच्या निकालाच्या दिवशीच पाहिलाय.

त्यांच्या कामाच्या दोन रीती होत्या. पहिली काटे बसवण्याची. तासाचा, मिनिटाचा आणि सेकंदाचा, तीन काटे एकावर एक, एकमेकांना न शिवता बसवायचे. सेकंदकाट्याची नळी केसाएवढी. फुंकर लागली तरी उडून जातो. म्हणून त्या वेळी घरातला पंखा बंद. आम्ही गेलो आणि वहिनी पदरानं वारा घेत बाहेर बसलेल्या दिसल्या, की समजायचं आत काटे चाललेत. दुसरी रीत पाण्याची. घड्याळ उघडून पुन्हा बंद केलं की मागच्या झाकणाखालचं रबरी वायसर नीट बसलंय का ते तपासायला ते घड्याळ एक दिवस स्टीलच्या पेल्यात बुडवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी काचेच्या आत वाफ धरली नसेल तरच ते हातावर चढायचं. पेल्यातलं पाणी कढीपत्त्याला. पाणी फेकून द्यायचं त्यांना जन्मात जमलं नाही.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा. चहाच्या कपाचा बशीवर आवाज यायचा. त्यांनी ते बरेच दिवस थट्टेवारी नेलं. म्हणायचे, आता चरायला न्यायची गरज न्हाई, बसल्या जागी घड्याळ चालतंय. मी हसायचो आणि घरी येऊन मला जेवण जायचं नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. वाढत जाणारा, बरा न होणारा.

त्यांना एकुलती एक मुलगी, अश्विनी. घरी आशी. ती नर्स झाली आणि तिला साताऱ्यात एका दवाखान्यात नोकरी लागली. त्याच वर्षी तिचं लग्नही साताऱ्यातच ठरलं. आता आमच्याकडं लग्नात नवऱ्या मुलाला सासऱ्याकडून घड्याळ आणि अंगठी हा मान ठरलेलाच. पाहुण्यांना वाटलं, कोळेकर सरांचा जावई, म्हणजे घड्याळ कसलं भारी असेल. सरांनी जावयासाठी दुकानातून एक चांगलं, सोनेरी, सेलवर चालणारं घड्याळ आणलं आणि डब्यासकट ठेवून दिलं. म्हणाले, “जावयाला दुकानातलं. लेकीला माझ्या हातचं.” मुलीला बाप घड्याळ देतो हे कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं विचारलंही, तिला कशाला रं पुरुषी घड्याळ? सर म्हणाले, आक्का, आपल्या सगळ्या खानदानात पाण्यातलं काम करणारी ही एकच. दिवसभर हात धुती. माणसांच्या नाड्या मोजती. तिला पाण्यात न मरणारं घड्याळ लागतंय आणि सेकंदकाटा मोठा लागतोय.

खरंच होतं ते. इतकी वर्षं ज्या घड्याळांचा घरात कुणाला उपयोग नव्हता, ती आता एका मनगटावर कामाला येणार होती. आशीचं मनगट लहान, म्हणून त्यांनी लहान घेराचं घड्याळ शोधून मागवलं. तबकडी पांढरी, सेकंदकाटा लाल, काळा रबरी पट्टा. सगळे भाग येऊन पडले तेव्हा लग्नाला दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत शालनवहिनी किती दुपारी बाहेर पदरानं वारा घेत बसल्या, ते मी पाहिलंय. वैशाखातलं सांगलीचं ऊन, पंखा बंद, आणि आत एक माणूस डोळ्याला भिंग लावून, डाव्या हातानं उजवा हात टेबलावर दाबून धरून बसलेला.

मी एकदा आत गेलो. टेबलावर पांढरं फडकं पसरलेलं होतं आणि त्यावर दोन लाल काटे वाकडे होऊन पडलेले. तिसरा चिमट्यात होता. चिमटा तबकडीवर आला की थरथर वाढायची, लांब नेला की कमी व्हायची. मी म्हणालो, सर, गणपती पेठेतल्या कारागिराकडून एवढे काटे बसवून घेऊया, बाकी सगळं तुमचंच आहे. ते चिडले नाहीत. भिंग काढून म्हणाले, “मग तिला काय सांगू? बापानं घड्याळ मागवलं म्हणून? हे एवढं एक झालं की हात गेले तरी चालंल मला.” मी बाहेर येऊन वहिनींशेजारी बसलो.

आणि झालं की हो. हळदीच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला, काटे बसले. आवाजात रडू होतं. लग्नात जावयाला डबा दिल्यावर त्यांनी आशीला जवळ बोलावलं आणि तिच्या हिरव्या चुड्याच्या वर ते घड्याळ बांधलं. पट्ट्याचं बक्कल काही त्यांना जमेना. आशीनं दुसऱ्या हातानं हळूच मदत केली आणि वर पाहिलं नाही. लाल काटा न थांबता सरकत होता. जेवणाच्या पंगतीत सर मला तीन वेळा येऊन सांगून गेले, बघितलं का, कसं पळतंय.

दिवाळीला आशी माहेरी आली. फराळाला मी गेलो होतो. निघताना ती फाटकापर्यंत सोडायला आली आणि मला म्हणाली, काका, एक विचारायचं होतं, पण आप्पांना कळू देऊ नका. तिनं ओढणीखालून हात काढला. घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरली होती. पांढऱ्या तबकडीवर तांबूस डाग आणि लाल काटा एका जागी उभा. लग्नानंतर दीड महिन्यातच, हात धुता धुता, पाणी आत गेलं होतं. साताऱ्यात राजपथावरच्या एका कारागिराला तिनं दाखवलं. तो म्हणाला, आत गंज चढलाय, मशीन, तबकडी, काटे सगळं बदलावं लागेल, वरचं कवच तेवढं राहील.

मी म्हणालो, मग घे बदलून, सरांना काय कळणार आहे. आशी म्हणाली, “काका, आप्पांनी बसवलेलं जे हाय, तेच काढून टाकायचं म्हणतोय तो. मग माझ्याजवळ काय ऱ्हायलं?”

ती तसंच बंद घड्याळ रोज घालून दवाखान्यात जात होती आणि रोग्यांच्या नाड्या भिंतीवरच्या घड्याळावर मोजत होती. आप्पांनी विचारलं की एकच उत्तर, मस्त चालतंय आप्पा. एवढं सांगून तिनं डोळे पुसले आणि आत जाऊन वडिलांना करंजी भरवली, कारण त्यांच्या हातून घास आता तोंडापर्यंत पोचत नव्हता.

त्या हिवाळ्यात सरांना आशीचं सासर बघायची इच्छा झाली. मी गाडी काढली. सर, वहिनी आणि मी साताऱ्याला जाऊन आलो. तिथं आशीनं दिवसभर लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. येताना वहिनींनी वाट वाकडी करून औंधाला न्यायला लावलं, डोंगरावरच्या यमाईदेवीला नवऱ्यासाठी काही बोलल्या असणार. त्या ओटी घेऊन पायऱ्या चढून वर गेल्या. सरांना चढणं शक्य नव्हतं, आम्ही दोघं खाली गाडीत बसलो. सरांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. ते डोंगराकडं बघत होते. मग म्हणाले, “पोरीचं घड्याळ बंद हाय सर.”

मला वाटलं, मी बोललो तर सगळंच फुटेल.

ते हळूहळू सांगत गेले. दिवाळीत ती उंबऱ्यातून आत आली तेव्हाच त्यांना दिसलं होतं. ज्या माणसानं जन्मभर सेकंदकाटे पाहिले, त्याला थांबलेला काटा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. ती म्हणाली मस्त चालतंय, आणि ते म्हणाले व्हय, दिसतंय. मी विचारलं, सर, पेल्यात ठेवून बघितलं होतं ना? त्यांनी मान हलवली. न्हाई. आयुष्यात स्वतःचं एकही घड्याळ त्यांनी पाण्यात तपासल्याशिवाय हातावर चढवलं नव्हतं, आणि पोटच्या पोरीचं तसंच दिलं.

“झाकण लावताना वायसर जरा सरकल्यासारखं वाटलं मला,” ते म्हणाले. “पेल्यात घातलं असतं आन् वाफ दिसली असती, तर परत उघडाय लागलं असतं. आतलं पाणी वाळवायला काटे काढाय लागले असते. परत बसवायला हात कुठनं आणू? म्हणलं, बसलं आसंल वायसर. बसलंच आसंल.”

मी म्हणालो, मग तिला सांगून टाका सर. तीही मोकळी होईल, तुम्हीही व्हाल. सर म्हणाले, “न्हाई. खरं बोललो तर ती काढून कपाटात ठेवंल. आता रोज हातात घालती. मला एवढंच पायजे हाय. आन् तुमी बी बोलायचं न्हाई.” तेवढ्यात वहिनी उतरून आल्या, त्यांनी आम्हा दोघांना अंगारा लावला, आणि आम्ही निघालो. बापाचा शब्द एका खांद्यावर आणि लेकीचा दुसऱ्या, असा मी गाडी चालवत होतो. अजूनही कधी कधी वाटतं, त्या माणसानं निदान एकदा तरी पोरीजवळ रडायला हवं होतं.

त्यानंतर सर फार दिवस हिंडते-फिरते राहिले नाहीत. पाय जड झाले, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं, मग अंथरूणच. त्यांची घड्याळं कपाटात एकेक करून थांबली. वहिनींनी एक-दोन हलवून पाहिली आणि सोडून दिली. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, शाळेच्या गोष्टी सांगायचो. कधी हसायचे, कधी नुसते बघायचे.

शेवटचं पाहिलं ते एका शनिवारी. आशी सुट्टी काढून आली होती. ती आल्यावर सरांना जरा उशीला टेकवून बसवलं होतं. हातांची थरथर आता बरीच थंडावली होती, ताकदच उरली नव्हती म्हणून. आशी खाटेच्या कडेला बसली आणि सवयीनं तिनं त्यांचं मनगट हातात घेतलं. सर तिच्याकडं बघत होते. त्या खोलीत भिंतीवर घड्याळ नव्हतं. तिनं एकदा इकडंतिकडं पाहिलं, मग डावा हात वर केला, त्या डागाळलेल्या तबकडीकडं नजर लावली आणि ओठ हलवत मोजायला लागली. मिनिटभर ती त्या थांबलेल्या काट्याकडं बघत राहिली. सरांची नजर तिच्या तोंडावरून हलली नाही.

“किती?” सरांनी विचारलं.

“बहात्तर, आप्पा. एकदम व्यवस्थित.”

सरांनी मान हलवली. मग बोटानं खूण केली, जवळ आण. तिला वाटलं पाणी पाहिजे. ते न्हाई न्हाई करत राहिले आणि तिचा डावा हात धरायला लागले. त्यांना घड्याळ पाहिजे हे तिला कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार होतो? सरांनी तिचं मनगट कसंबसं ओढून आपल्या कानाशी नेलं आणि घड्याळ कानाला लावलं. डोळे मिटले. पंखा चालू होता, बाहेर रस्त्यावर कुणीतरी भाजीची गाडी ओरडत नेत होतं. ते ऐकत राहिले.

“लय झ्याक चालतंय गं आशे,” सर म्हणाले.

आशीचा चेहरा मी पाहिला. त्या क्षणी तिला सगळं कळलं. तिनं हात मागं घेतला नाही. तशीच वाकून, त्यांच्या कानाला ते घड्याळ लावून ती बसून राहिली आणि म्हणाली, “व्हय आप्पा. तुमच्या हातचं हाय.” मग मात्र मला तिथं बसवेना. मी चप्पल पायात सरकवली आणि बाहेर आलो.